क्वालिटीराइट्स साधनसंच: वॉर्ड रुग्णांच्या नजरेतून तपासायचा तर काय घ्यावं आणि काय स्वतः जोडावं

मनोरुग्णालयाचा वॉर्ड बांधताना किंवा दुरुस्त करताना अधीक्षकांना विचारतात, आर्किटेक्टला विचारतात, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याला तर विचारावंच लागतं. त्या वॉर्डात महिनोन्‌महिने झोपणाऱ्याला विचारायची पद्धत मात्र आपल्याकडे पडलेली नाही. ती पाडायची असेल तर सगळ्यात हाताशी असलेलं तयार साधन म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ साधनसंच. तो २०१२ साली आला, संघटनेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतो आणि शेजारच्या गुजरातेत सरकारी सेवांमध्ये वापरूनही झाला आहे. मत आधीच सांगून टाकतो: प्रश्न चांगले, समितीची कल्पना त्याहून चांगली, पण वॉर्डाच्या रचनेसाठी एवढ्यावर भागत नाही. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेल्या दीड गुणासाठी काय काय जोडावं लागतं, तेही खाली दिलं आहे.

संचात काय मिळतं

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार हा संचाचा पाया. त्यावरून पाच विषय, त्यांत मिळून २५ मानकं आणि प्रत्येक मानकाखाली तपासायचे निकष. वॉर्डाच्या रचनेचं काम करणाऱ्याने पहिल्या विषयातच मुक्काम ठोकावा. पुरेशा राहणीमानाचा हक्क हा तो विषय आणि त्यात सात मानकं आहेत: इमारतीची अवस्था, झोपायची जागा, न्हाणी-संडास, अन्न-पाणी-कपडे, बाहेरच्यांशी संपर्क आणि खासगीपणा, वॉर्डातलं एकूण वातावरण, आणि माणूस म्हणून जगता येण्याजोगं सामाजिक आयुष्य. चौथ्या विषयात कोंडून ठेवण्याला आणि बांधण्याला पर्याय काय, हे विचारलं आहे. तेही शेवटी जागेशी येऊन थांबतं, कारण चिडलेल्या माणसाला शांत व्हायला बाजूची खोलीच नसेल तर पर्याय कागदावरच राहतो.

फॉर्म दोन प्रकारचे आहेत. एक कागदपत्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांसाठी, दुसरा मुलाखतींसाठी. मुलाखती तीन गटांच्या: सेवा घेणारे, त्यांचे नातेवाईक किंवा मित्र, आणि कर्मचारी. प्रत्येक निकषापुढे गुण लिहायचे नाहीत, शेरा द्यायचा: पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झाली, सुरुवातही नाही, किंवा लागू नाही. टक्केवारी नाही ही आमच्या मते संचातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. टक्के आले की ते दर्शनी भागातल्या फलकावर चढतात आणि मोडकी कडी तशीच राहते.

पाहणी करणाऱ्या समितीत डॉक्टर, वकील, हक्कांसाठी काम करणारे यांच्याबरोबर मानसिक आजाराचा स्वतः अनुभव घेतलेले लोक आणि कुटुंबीय असावेत, अशी संचाची अपेक्षा आहे. आपल्याकडे ज्यांना शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात तेच हे. इथे एक खबरदारी लागते. एकच शुभार्थी नेमला तर तो बैठकीत शोभेपुरता उरतो. अधीक्षक बोलले की त्याचं बोलणं तिथेच संपतं. निदान दोघे हवेत, त्यांतला एक तरी याच प्रकारच्या वॉर्डात राहिलेला असावा आणि शेरा लिहिण्याचं पेन त्यांच्यापैकी एकाच्या हातात असावं. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायची तरतूद आधीच करून ठेवा. चहा-बिस्किटांवर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

झोपायच्या जागेवर थोडं थांबूया

दुसरं मानक झोपण्याच्या जागेविषयी आहे. त्याचे निकष वाचले की संच किती बारकाईने लिहिलाय ते कळतं: दाटी आहे का, स्त्री-पुरुष आणि मुलं-वृद्ध यांची झोपायची जागा वेगळी आहे का, कधी उठायचं-झोपायचं हे माणूस स्वतः ठरवू शकतो का, आडोसा आहे का, स्वच्छ पांघरुणं पुरेशी आहेत का, स्वतःच्या वस्तू ठेवायला कुलूप लागेल अशी जागा आहे का.

आता हे एखाद्या चाळीस खाटांच्या लांबलचक हॉलला लावून बघा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिशांच्या काळातली; त्या पद्धतीचे हॉल आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या सरकारी रुग्णालयात दिसतात. बाहेरून आलेला तपासनीस छताला पडद्याची पट्टी पाहतो, पडदा पाहतो आणि ‘आडोसा: अंशतः साध्य’ लिहून पुढे जातो. त्याच खाटेवर झोपलेला माणूस सांगतो की पडदा पायांकडच्या बाजूने हातभर तोकडा आहे, नेमकी तिकडूनच ये-जा आहे, आणि कपडे बदलायचे तर तो संडासात जातो, जिथली फरशी कायम ओली असते. कपाट असतं, पण किल्ली सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये, आणि सिस्टर दुपारी तीननंतर दोन वॉर्ड सांभाळते. म्हणजे कुलूप लागणारी जागा आहे, फक्त ती त्याची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २० नुसार रुग्णाला हवे असल्यास स्वतःचे कपडे घालता येतात, त्याच्यावर गणवेशाची सक्ती करता येत नाही. पण कपडे ठेवायला त्याच्या ताब्यातलं कपाट नसेल तर हा हक्क कुठे टांगायचा?

संच इथे कमी पडतो तो मोजमापात. ‘पुरेशी जागा’, ‘पुरेसा आडोसा’ असे शब्द आहेत, आकडे नाहीत. जगभर चालायचं म्हटल्यावर ते समजण्यासारखं आहे. पण अंदाजपत्रक करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ‘पुरेसा’ हा शब्द टेंडरमध्ये टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक शेऱ्यापुढे समितीने स्वतःचं माप लिहावं: दोन खाटांमधलं अंतर टेपने मोजून, पडद्याची लांबी पट्टीच्या लांबीशी ताडून, चालू अवस्थेतले नळ, संडास आणि न्हाण्या किती माणसांमागे किती, रात्री कोणते दिवे बंद करता येतात आणि त्यांची बटणं कुणाच्या हाताशी आहेत.

आवाजही मोजा. रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची शिफारस आहे. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. जुना खडखडणारा पंखा आणि लोखंडी सरकता दरवाजा असलेला वॉर्ड या दोन्ही आकड्यांत बसणं अवघडच. मोबाइलवरचं ॲप कायदेशीर पुरावा म्हणून चालणार नाही, पण एकाच फोनने रात्री अकरा, दोन आणि पाच वाजता मोजलं तर सगळ्यात मोठा आवाज कुठून येतो ते नक्की कळतं. बहुतेक वेळा तो दरवाजाच्या खिटीचा निघतो आणि रबराच्या तुकड्याने भागतं.

मुलाखतींत काय बिघडतं

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो आणि तो फॉर्ममुळे होत नाही. ‘इथे काही त्रास आहे का?’ असं विचारलं की ‘नाही, बरं आहे सगळं’ हेच उत्तर येणार. ज्याची सुट्टी कागदांवर अडकलीय तो तक्रार कशाला करेल? सिस्टर दहा पावलांवर उभी असताना तर नाहीच. दहा वर्षं राहिलेल्या माणसाला ओली फरशी ही तक्रार वाटतच नाही. फरशी म्हणजे ओलीच, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. सकाळच्या गोळ्यांनंतर तासभर बऱ्याच जणांना गुंगी असते, आणि नेमकी तीच वेळ समितीच्या सोयीची असते.

त्यावर उपाय असे. मत विचारू नका, क्रम विचारा: ‘रात्री लघवीला उठलात तर पहिल्यापासून काय काय होतं ते सांगा.’ मग आपोआप बाहेर येतं की चप्पल खाटेखाली सापडत नाही, मधला दिवा बंद असतो, संडासाचा दरवाजा ढकलला की आत कुणी आहे की नाही ते कळत नाही, आणि म्हणून माणूस पहाटेपर्यंत कळ काढतो. एका उत्तरात रचनेतले तीन दोष. मुलाखत वॉर्डाबाहेर, झाडाखाली किंवा ओपीडीच्या रिकाम्या खोलीत घ्या, गोळ्यांच्या वेळा टाळून. ज्यांना बोलायला जड जातं त्यांच्याबरोबर वॉर्डात चाला आणि जिथे थांबावंसं वाटतं, जिथून पटकन निघून जावंसं वाटतं, तिथे खडूने खूण करायला सांगा. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं टाळा. त्यांत सगळे हसराच चेहरा उचलतात. संचात माहितीपत्रक आणि संमतीपत्राचे नमुने आहेत, ते जरूर वापरा, पण मराठीत आणि बोलून समजावून. नाही म्हणणाऱ्याच्या सुट्टीवर किंवा औषधांवर काही परिणाम होणार नाही, हे वाक्य मोठ्याने वाचायचं.

आणखी एक अडचण संच पुरेशी धरत नाही. पाहणी दिवसा होते, वॉर्डाचं खरं रूप रात्री आणि आंघोळीच्या वेळी दिसतं. तीन फेऱ्या ठेवाव्यात: सकाळी सहा ते आठ, दुपारी जेवणानंतर, आणि रात्री दहा ते बारा. सकाळची फेरी न्हाणीसाठी. पहिल्या दहा जणांना गरम पाणी मिळतं, पुढच्यांना मिळत नाही, हे रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. स्त्रियांच्या वॉर्डात सॅनिटरी पॅड कुठे मिळतात, वापरलेली कुठे टाकायची आणि मागायची कुणाकडे, हे स्त्री सदस्यानेच विचारायचं. पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू मिळण्याचा हक्क त्याच कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे.

सुरक्षितता आणि लाज

या विषयात गोड गोड बोलून चालत नाही. आत्महत्येचा धोका असलेले रुग्ण वॉर्डात असतात, त्यामुळे दारं, नळ, पडद्यांच्या पट्ट्या, खिडक्या यांचा विचार धोका धरूनच करावा लागतो. पण धोक्याचं नाव घेऊन सरसकट कड्या काढून टाकल्या की संडासात बसलेला प्रत्येक माणूस एका हाताने दार धरून बसतो. मधला मार्ग बाजारात आहे: आतून लागणारी, पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी, आत कुणी आहे हे लाल-हिरव्या खुणेने दाखवणारी, आणि आतून अडवलं तरी बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. निरीक्षणाच्या काचेला पट्ट्यांची झडप बसवता येते, आतून रुग्णाला आणि बाहेरून सिस्टरला दोघांनाही चालवता येईल अशी. खर्च आहे, पण नव्या फरशीपेक्षा कमी. गंमत म्हणजे शुभार्थींना विचारलं तर सुरक्षितता नको असं कुणी म्हणत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची भीती त्यांनाही असते. त्यांना हवं असतं ते दार वाजवून आत येणं.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ९७ ने रुग्णाला एकांतात कोंडण्यावर बंदी घातली आहे. जुन्या इमारतींत कोठड्या अजून असतात, कधी भांडार म्हणून, कधी ‘निरीक्षण कक्ष’ अशी पाटी लावून. समितीने प्रत्येक बंद दाराची किल्ली मागावी. इतकंच.

बाकांविषयी मात्र थोडं जास्त. भिंतीला लावून, जमिनीत बोल्ट मारून बसवलेली बाकं आपल्याकडे सर्रास दिसतात, कारण सामान हलत नाही आणि झाडू मारायला सोपं. पण सगळे भिंतीला पाठ टेकून एकमेकांकडे तोंड करून बसले की कुणाकडे न बघता बसायची सोयच उरत नाही, आणि एकटक बघण्यावरून किती भांडणं लागतात ते रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला विचारा. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात ऑस्ट्रा रुग्णालयाची मनोविकार इमारत २००६ साली नव्याने उघडली, तेव्हा एकेकट्याच्या खोल्या, स्वतंत्र न्हाणी, हलवता येणाऱ्या खुर्च्या, कमी आवाज, बाग आणि खिडकीतून हिरवळ असा सगळा मेळ तिथे एकत्र घातला. रॉजर उल्रिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या इमारतीशी ताडून पाहता, तिथे रुग्णांना बांधून ठेवण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. इमारत बदलली तेव्हा इतरही काही बदललं असणार, म्हणून सगळं श्रेय खुर्च्यांना देऊ नये. पण जड, हलवता येईल पण फेकता येणार नाही, अशा वीस खुर्च्या घ्यायला नवी इमारत लागत नाही.

तुलनेला दोन साधनं

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून ‘प्लेस’ नावाची वार्षिक पाहणी चालते. पाहणी करणाऱ्या गटात निम्मे तरी सदस्य रुग्णांच्या बाजूचे असावेत, हा तिचा नियम. स्वच्छता, जेवण, खासगीपणा व सन्मान, इमारतीची देखभाल, स्मृतिभ्रंश आणि अपंगत्व अशी तिची खाती आहेत. उपचार आणि कर्मचाऱ्यांची वागणूक ती मुद्दाम बाजूला ठेवते. फायदा असा की इनचार्ज सिस्टरला आपली परीक्षा चाललीय असं वाटत नाही आणि नळ-पंख्यांवर मोकळेपणाने बोलणं होतं. तोटा उघड आहे: दार न वाजवता आत येणं कुठल्याच खात्यात पडत नाही. क्वालिटीराइट्सचा आवाका मोठा आहे आणि इथे तो सरस. पण ‘निम्मे सदस्य’ हा नियम मात्र प्लेसकडून उचलावा.

दुसरं म्हणजे अनुभवांवर आधारित सह-आखणी. पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी बांधलेली ही पद्धत इंग्लंडमध्ये आधी कर्करोगाच्या सेवेत वापरली गेली, नंतर मानसिक आरोग्यातही आली. रुग्णांच्या मुलाखती चित्रित करतात, त्यातून अर्ध्या तासाच्या आसपासची फिल्म बनवतात, आधी रुग्णांना दाखवतात, मग कर्मचारी आणि रुग्ण एकत्र बसून ती पाहतात आणि तिथेच कामं वाटून घेतात. वेळखाऊ आहे, सहा महिने ते वर्ष सहज जातं. मनोरुग्णालयात चेहरा दाखवण्याचा प्रश्न नाजूक; नुसता आवाज घ्यावा, खोलीचं चित्रण घ्यावं, आणि संमती दाखवण्याच्या दिवशी पुन्हा विचारावी. तरीही क्वालिटीराइट्सच्या अहवालात जे नाही ते यात आहे. कर्मचारी ‘अंशतः साध्य’ वाचून मान डोलावतो. पहाटेपर्यंत कळ काढणाऱ्याचं बोलणं ऐकल्यावर तो स्वतःच दिव्याचं बटण कुठे हलवायचं ते सांगतो.

गुजरातेत काय झालं

सहा सरकारी सेवांमध्ये क्वालिटीराइट्स राबवलं, तीन सेवा तुलनेसाठी ठेवल्या आणि बारा महिन्यांनी पुन्हा मोजलं. या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र होतं आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेवांचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. रुग्णांचं समाधान आणि आपल्या हातात काही आहे ही भावनाही वाढली, पण थोडीच. आम्हाला हा थोडेपणा महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षण कर्मचाऱ्यांपर्यंत लवकर पोचतं. कपाटाची किल्ली रुग्णाच्या हातात यायला फाइल फिरावी लागते.

म्हणूनच अहवालासोबत कामांच्या तीन याद्या करा. पहिली, वॉर्डाच्या हातातली: दिव्याचं बटण, रबर, पडद्याची लांबी, खुर्च्यांची मांडणी, किल्ल्या, भिंतीवर घड्याळ आणि तारखेचा फळा. पंधरा दिवसांत व्हायला हवीत, आणि झाली नाहीत तर पुढच्या बैठकीला कुणी फिरकणार नाही. दुसरी, अधीक्षकांच्या अधिकारातली: कड्या, कपाटं, गीझर, जाळ्या, भेटीची वेगळी खोली. तिसरी बांधकाम विभागाची: हॉलचं विभाजन, न्हाणी वाढवणं, अंगणात जायचा दरवाजा. तिसऱ्या यादीतल्या कामांची चित्रं काढताना शुभार्थी सदस्यांना नकाशा वाचायला लावू नका; जमिनीवर चुन्याने खोलीचा आराखडा मारा, खरी खाट ठेवा आणि त्यांना आत फिरू द्या. खाटेवर पडल्यावर संडासाचं दार थेट डोळ्यांसमोर येतं का, हे नकाशावर कुणालाच दिसत नाही.

दुसरी पाहणी बारा महिन्यांनी लावा. समितीत आधीच्या शुभार्थींपैकी निदान एक जण कायम ठेवा, आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर मागच्या वेळचे शेरे नव्हे, तर तिन्ही याद्या झालेल्या कामांच्या तारखांसकट चिकटवा.